दाराची कडी बाहेरून

उधना, सुरत
१० ऑक्टोबर १९९४

अहो,

मी जिवंत आहे. हे पहिल्या ओळीत लिहिलं, कारण अठरा दिवस झाले तरी तुमच्याकडून साधी चौकशी नाही. माणूस मेलं की राहिलं, एवढं तरी विचारायचं असतं.

पत्र तुमच्या बहिणीच्या पत्त्यावर टाकते आहे. सरलाबाई, तुम्ही आधी फोडलंच असेल तर वाचा खुशाल, पण मग भावाच्या हातात द्या. चुलीत घालू नका.

माझा ताप साधा निघाला. मलेरिया. सिव्हिलच्या रांगेत सहा तास उभी राहिले, पुढे-मागे सगळे तोंडाला रुमाल बांधून. डॉक्टर पोरगाच होता. म्हणाला, मावशी, प्लेग नाही, घरी जा, तरी या गोळ्या घे. आता बरी आहे. थोडं चाललं की धाप लागते, पण भाकरी थापता येते.

खानावळ २६ सप्टेंबरपासून उघडी आहे. चाळीस ताटं होती, आता नऊ आहेत. आपल्या गल्लीत निम्म्या खोल्यांना अजून कुलूप. लूमचा खडखडाट नाही, त्यामुळे पहिले दोन-चार दिवस मला झोपच येईना. नऊ जणांपैकी पाच म्युनिसिपालिटीचे झाडूवाले आहेत. त्यांना कोणी दारात उभं करत नव्हतं. मी म्हटलं, बसा रे बाबांनो, सगळा गाव पळाला तेव्हा तुम्हीच राहिलात.

तुम्ही घाईत निघालात. सगळी सुरतच घाईत निघाली होती, पर्वत पाटियाच्या नाक्यावर ट्रकांची रांग लागली होती म्हणे. त्याबद्दल आज काही लिहीत नाही.

आज लिहिते आहे ते कामाचं. ज्या बँकेचं आपलं कर्ज आहे तिथला माणूस आला होता. प्लेगमुळे ज्यांचा धंदा बसला, त्यांचे हप्ते सहा महिने पुढे ढकलणार आहेत आणि परत उभं राहायला थोडं नवं कर्जही देणार आहेत. फॉर्म फुकट आहे. शेवटची तारीख ३१ डिसेंबर. नाही भरला तर जानेवारीत भट्टी, बाकं, भांडी सगळ्यावर जप्ती, असं तो हसत हसत सांगून गेला. मात्र ज्याच्या नावावर कर्ज आहे त्याने स्वतः येऊन सही करायची. म्हणजे तुम्ही.

सकाळच्या गाडीने या, सही करा, हवं तर संध्याकाळच्या गाडीने परत जा. मी अडवणार नाही. योगीला मात्र घेऊन या. तिची शाळा सुरू झाली, पाचवीचं वर्ष आहे, बाईंनी दोनदा विचारलं. मी सांगितलं, आजी आजारी आहे म्हणून गेलेत. तुमची आई वारून सात वर्षं झाली, तिला माझा नमस्कार.

तुमची
भागीरथी


२६ ऑक्टोबर १९९४

अहो,

दसरा गेला. उत्तर नाही.

मीच गेले बँकेत. म्हटलं, बघू, बाईमाणूस आहे, दया आली तर आली. साहेबाने फॉर्म उलटा-सुलटा केला आणि म्हणाला, "बेन, मालिक क्यां छे?" म्हटलं, गावी. मग त्याने खणातून एक पेपर काढला आणि माझ्यासमोर पसरला. त्यात माझा फोटो! हातात पळी, समोर झाडूवाले जेवतायत. इथल्या मित्रमंडळाने माझा सत्कार केला होता, शाल आणि नारळ, प्लेगात खानावळ चालू ठेवली म्हणून. फोटो कधी काढला मला कळलंही नव्हतं. शेजारच्या शोभाबाई तो पेपर घेऊन गल्लीभर फिरल्या आणि मीही, खोटं कशाला बोलू, फुशारले होते.

साहेब म्हणाला, "तमारी लॉज तो चालू हती ने? पछी नुकसान शानुं?" चालू होती, मग नुकसान कसलं? ज्यांची बंद होती, त्यांच्यासाठी ही मदत आहे. कमीत कमी तीन दिवस पूर्ण बंद, आणि कोणी, का बंद केली ते लिहून द्यायचं.

म्हणजे जे पळाले त्यांना मदत, आणि जी राहिली तिला नारळ.

मी म्हटलं, साहेब, बंद होती. बावीस तारखेच्या रात्रीपासून पंचवीसच्या संध्याकाळपर्यंत बंद होती. तो म्हणाला, कोणी बंद केली?

मागे रांगेत माणसं उभी. मी फॉर्म घडी करून पिशवीत घातला आणि बाहेर आले.

काय सांगायला हवं होतं मी, तुम्हीच सांगा. की नवऱ्याने पुढच्या शटरला कुलूप लावलं, आणि मागच्या दाराला बाहेरून कडी? आणि आत त्याची बायको तापाने फणफणत पडली होती?

महिनाभर मी हे तोंडातून काढलं नाही. शोभाबाईंनासुद्धा बोलले नाही. तुम्हाला पहिल्या पत्रात लिहिलं नाही, कारण मला वाटलं तुम्ही स्वतः लिहाल. आता ऐका.

तेवीसला सकाळी मला जाग आली तेव्हा घसा कोरडा पडला होता. तुम्हाला हाक मारली, योगीला मारली. उठून दारापर्यंत गेले, दार ढकललं, हलेना. मला वाटलं अशक्तपणा आहे. खांदा लावला, मग लाटणं घेऊन ठोकलं. फटीतून बघितलं तर कडी. खिडकीला गज, ते तुम्हीच बसवून घेतले होते, मांजर येते म्हणून. ओरडले, पण ऐकायला गल्लीत होतं कोण? एक कुत्रं भुंकत होतं, तेही दुपारनंतर गप्प झालं.

उपाशी नव्हते. खानावळीत कोंडलेली बाई उपाशी मरत नाही. पीठ होतं, डाळ होती, टाकीत पाणी होतं. पण अंगात ताप, काडी पेटवायची भीती वाटत होती. भिजवलेल्या कणकेचे गोळे कच्चे खाल्ले. रात्री वाटायचं, खरंच प्लेग असेल, यांना कळलं असेल, म्हणून कोंडलं. मग मी स्वतःच्या काखा चाचपून बघायचे, गाठ आली का. तुम्ही कधी स्वतःच्या अंगाला असं घाबरलात का हो?

पंचवीसला संध्याकाळी दगाभाऊ आले. आपला तिसऱ्या बाकावरचा, ताटात मिरची नसली की रुसणारा दगा. त्यांचा पगार शेठकडे अडकला होता म्हणून ते गावी गेले नव्हते. जेवण मिळतं का बघायला मागच्या बाजूने आले. मी आतून ठोकलं. ते ओरडले, "वहिनी, तुम्ही मझार शेतस का? अरे देवा, बाहेरतून कडी लायेल शे!" कडी काढली आणि माझ्याकडे बघून दोन पावलं मागे सरकले. मग पुढे आले, आणि मला धरून रिक्षात घातलं.

दगाभाऊंनी कोणाला सांगितलेलं नाही. मी शपथ घातली आहे, तुमची.

दिवाळीला या. भांडायला नको, काही बोलायलाही नको. या फॉर्मवर खरं काय ते लिहा आणि सही करा. मी तीन दिवस कोंडलेली राहिले, त्याचा निदान एवढा उपयोग होऊ द्या.

भागीरथी


१२ नोव्हेंबर १९९४

अहो,

तुमचं कार्ड मिळालं. तीन ओळी. "तू बरी आहेस, देवाची कृपा. पोरगी ठीक आहे. मला आत्ता येता येणार नाही, कारण विचारू नको."

नाही विचारत. कारण मला ठाऊक आहे. लाज. लाज वाटते तर वाटू द्या, लाज घेऊनही माणसाला गाडीत बसता येतं. तिकीट तेवढंच पडतं.

दिवाळीत मी एकटीने दोन पणत्या लावल्या. शोभाबाई सणाला गावी जाऊन आल्या, त्यांनी चकल्या दिल्या आणि विचारलं, धुडकूभाऊ कधी येणार? म्हटलं, येतील, शेतातली कामं आटोपली की. आपल्याला शेत नाही हे त्यांना ठाऊक आहे. त्या आणखी चार चकल्या ठेवून गेल्या. तोंडावर हसून लोकांना सांभाळायचं आणि आत जळत राहायचं, याचा मला आता कंटाळा आला.

मराठी शाळेत दर रविवारी एक वकीलबाई बसतात. शैलजाबाई. नवरा बँकेत होता, आता रिटायर झालाय, मोठा बंगला आहे, पण बाई मातीत बसतात. प्लेगने ज्यांची दुकानं, टपऱ्या, लहानसहान कारखाने अडकले, त्यांचे कागद फुकट करून देतात. रांगेत माझ्याआधी एक धोबी होता, एक सायकलवाला, आणि कतारगामची हिरे घासणारी दोन भावंडं. सगळ्यांच्या हातात तोच फॉर्म.

त्यांनी माझे कागद पाहिले आणि चष्मा काढला. म्हणाल्या, "बोर्डावर 'भागीरथी खानावळ', स्वयंपाक तुम्ही करता, बाजार तुम्ही करता, वसुली तुम्ही करता. मग एकाही कागदावर तुमचं नाव का नाही?"

काय सांगणार? कर्ज काढायच्या दिवशी बँकेत मीच तुम्हाला कोपराने ढोसलं होतं, तुमच्या नावाने काढा म्हणून. तुम्ही तर म्हणत होतात, तुझंच लिहू. मला वाटलं, नवरा जिवंत असताना बाईच्या नावावर धंदा, गावाकडे काय म्हणतील? सरलाबाई काय म्हणतील? म्हणून बोर्डावर माझं नाव टाकून तुम्ही माझी समजूत काढलीत. आता बोर्ड माझा आणि सही तुमची. माझ्याच हाताने मी अडकले, यात तुमचा दोष नाही, एवढं लिहून ठेवते.

आणखी एक लिहायचं राहिलं आहे, तेही लिहिते. बावीस तारखेला दुपारीच तुम्ही म्हणत होतात, चल, सगळे निघालेत. मीच हलले नाही. चाळीस माणसांची कणीक मळून ठेवली होती. म्हटलं, रात्रीची पंगत उठू द्या, मग बघू. पंगतीला आलं कोण? सहा जण. आणि संध्याकाळी मला हुडहुडी भरली. दुपारी निघालो असतो तर तिघं एकत्र गेलो असतो. हे मी रोज स्वतःला सांगते. पण तेवढ्याने दाराला बाहेरून कडी आपोआप लागत नाही.

आता नीट वाचा. शैलजाबाई म्हणतात, तुम्हाला इथे यायचं नसेल तर दुसरा मार्ग आहे. मुखत्यारपत्र. त्यात तुम्ही मला तुमच्या वतीने सही करायचा हक्क देता. अमळनेरला कोर्टाबाहेर नोटरी बसतो, त्याच्यापुढे सही करायची, बस. आणि सोबत एक निवेदन, खानावळ कोणी आणि कशी बंद केली त्याचं. त्यांनी टाइप करून दिलं आहे: "मी दि. २२ सप्टेंबर रोजी रात्री पुढील शटरला कुलूप व मागील दारास बाहेरून कडी लावून गावी गेलो." आत कोण होतं, ते मी त्यात घालू दिलं नाही. तुमची इभ्रत राखली आहे. दोन्हींवर सही करा आणि रजिस्टर करून पाठवा. तिकिटं आत घातली आहेत.

अमळनेर तुमच्या गावापासून एसटीने तासाभराचं आहे. एवढं तरी करा.

योगीला सांगा, तिची वही आणि कंपास मी जपून ठेवली आहे. तिला दोन ओळी लिहायला सांगा. ती का लिहीत नाही?

भागीरथी


४ डिसेंबर १९९४

अहो,

पाकीट आलं. मला वाटलं, सुटले. शोभाबाईंच्या हाताला पीठ लागलं होतं तरी मी त्यांना मिठी मारली. मग उघडलं.

मुखत्यारपत्र कोरं. निवेदन कोरं. निवेदनाच्या मागे पेन्सिलने, "हे मी लिहू शकत नाही. यावर सही करता येत नाही."

करता येत नाही!

माझ्या बारा वर्षांच्या संसाराला हेच उत्तर का? तिकडे बसून मूग गिळायचे आणि इकडे बायकोने दारोदार तोंड दाखवायचं? कागदावर असं काय होतं जे खोटं होतं? कुलूप तुम्ही नाही लावलं? कडी तुम्ही नाही लावली? मग काय प्लेगाच्या उंदरांनी लावली?

तुमचा भित्रेपणा मी चालवून घेतला असता. सगळे घाबरले होते, इथले मोठे मोठे डॉक्टर दवाखाने बंद करून पळाले, तिथे तुम्ही कोण? पोरीला वाचवायचं म्हणून गेलात, तेही मी मनाशी कबूल केलं होतं. पण केलं ते केलं म्हणायची हिंमत नाही, हे मला सहन होत नाही. संतापाने परात आपटली, पोचा आला तिला.

पाकिटाबरोबर सरलाबाईंचीही चिठ्ठी होती. "भाऊ पोरीला सोडून तालुक्यालासुद्धा जात नाही. तू फार ताणू नको." मी ताणते! मी!

शैलजाबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, आता एकच रस्ता उरला. ज्याच्या नावावर धंदा आहे तो सोडून गेला आणि धंदा चालवणारी मागे राहिली, असं मी शपथेवर सांगायचं. खरं कारण, खरी तारीख, साक्षीदारासकट. मग बँक कर्ज माझ्या नावावर करायचा विचार करते आणि मदतही मला मिळू शकते. म्हणाल्या, "भागीरथीबाई, हा कागद एकदा झाला की झाला. त्यात तुमच्या यजमानांविषयी जे लिहाल ते सरकारदरबारी राहील. उद्या मुलीच्या लग्नाच्या वेळी कोणी काढलं तर? घरी जा, दोन आठवडे विचार करा."

मी विचार करते आहे. जेवायला आता बावीस ताटं असतात. लूम हळूहळू लागायला लागलेत, माणसं परत येतायत. जानेवारीत भट्टी उचलून नेली तर ह्या बावीस जणांना मी काय वाढू? आणि माझं काय? गावी येऊन सरलाबाईंच्या ओसरीवर बसू, तुमच्यासमोर? की त्याच खोलीत, रिकाम्या? इकडे आड आणि तिकडे विहीर झाली आहे माझी.

तुम्हाला वीस तारखेपर्यंत मुदत देते. नवऱ्याला मुदत द्यायची वेळ आली. या.

भागीरथी


२३ डिसेंबर १९९४

धुडकूभाऊ नाही, योगीचे बाबा नाही, अहोसुद्धा नाही. काय लिहावं ते कळत नाही म्हणून वर काही लिहिलेलं नाही.

काल प्रतिज्ञापत्र केलं.

नोटरीचा कारकून गुजराती होता. माझं नाव विचारलं, वय विचारलं, मग म्हणाला, पतीचं नाव? मी दगाभाऊंकडे बघितलं. त्यांनी सांगितलं. कारकून म्हणाला, "ना बेन, तमे मोढेथी बोलो, सोगंद तमारा छे." म्हणजे शपथ माझी, तर तोंडाने मीच बोलायचं. बारा वर्षांत मी तुमचं नाव घेतलं ते हळदीकुंकवाच्या उखाण्यात, तेही पदराआडून. काल टेबलासमोर उभी राहून मोठ्याने म्हटलं, धुडकू. त्याने पुन्हा विचारलं, स्पेलिंगसाठी. पुन्हा म्हटलं. बाहेर आल्यावर मला शिसारी आली, स्वतःची, तुमची, सगळ्याचीच.

त्यात काय लिहिलं आहे ते तुम्हाला कळायला हवं. "माझे पती दि. २२ सप्टेंबर १९९४ रोजी रात्री मी तापाने आजारी असताना मला आत ठेवून, मागील दारास बाहेरून स्वतः कडी लावून, मुलीस घेऊन निघून गेले. तेव्हापासून परतले नाहीत." खाली दगाभाऊंची साक्ष, कडी आपण काढली म्हणून. ते मात्र शब्दाला शब्द तेवढंच बोलले, "कोनी लायी ते माले म्हाईत नही, मी काढी." शैलजाबाईंनी मला तीनदा विचारलं, लावताना तुम्ही पाहिलं का? म्हटलं, दुसरं होतं कोण?

आज बँकेत दिलं. साहेबाने वाचलं, आणि यावेळी मला बसायला खुर्ची दिली. त्याने पेपरातला फोटो आपणहून फाइलला जोडला, धंदा मीच चालवते याचा पुरावा म्हणून. अर्ज मुदतीत घेतला आहे. आता बँक तुम्हाला रजिस्टर पत्र पाठवेल. तुम्हाला हे मान्य आहे का, असं विचारतील. पंधरा दिवसांत काही हरकत घेतली नाहीत तर कर्ज आणि खानावळ माझ्या नावावर. हरकत घेतलीत तर चौकशी होईल, तुम्हाला बोलावतील, मुलीलाही विचारतील, ती त्या रात्री तिथे होती म्हणून.

घ्या हरकत. या निदान त्या निमित्ताने.

मला वाटलं होतं, हे केल्यावर मोकळं वाटेल. नाही वाटलं. रात्री दाराशी जाऊन उभी राहते आणि उगीच उघडून बघते.

भागीरथी


३० डिसेंबर १९९४

अहो,

हे पत्र एकट्याने वाचा. सरलाबाईंच्या हातात पडलं असेल तर त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, इथेच थांबा. आणि योगी घरात असेल तर बाहेर जाऊन वाचा.

योगीचं पत्र आलं. तुम्हाला न सांगता टाकलं असणार, पाकिटावर तिकीट नव्हतं, मी दुप्पट भरून सोडवलं. मी ते तसंच खाली उतरवते, कारण तुम्हीही ते वाचलेलं नसेल.

"आई, तू पत्रात लिहिलंस बाबांनी कडी लावली. ते पत्र मी आत्याच्या डब्यातून वाचलं. बाबांनी नाही लावली. बाबा पुढे कुलूप लावून ट्रकमध्ये गोधड्या टाकत होते. मला म्हणाले, आई झोपली आहे, दार नुसतं ओढून घे, कोणी तिला बघायला आलं तर आत जाता येईल. मी ओढलं. मग मी कडी लावली. ट्रकमधल्या बाया म्हणत होत्या, ताप असलेलं माणूस मागे धावत आलं तर सगळा ट्रक मरतो. मला वाटलं तू उठून आमच्या मागे येशील. आई, मला तू यायला नको होतीस. मी बाबांना दिवाळीच्या आधी सांगितलं. त्यांनी मारलं नाही. ते रडले आणि म्हणाले कोणाला सांगू नको. बाबा सुरतला यायला निघाले की मी त्यांना धरून ठेवते, कारण तू त्यांना विचारशील. तू आता मला घरात घेशील का?"

मी हे भट्टीजवळ उभ्याने वाचलं. मग खाली बसले. वरण करपलं. शोभाबाईंनी येऊन गॅस बंद केला आणि मला विचारलं, कोण गेलं? म्हटलं, कोणी नाही, बाई, कोणी नाही. आणि ओक्साबोक्शी रडले.

म्हणून तुम्हाला सही करता येत नव्हती. खोट्यावर सही करायची नाही आणि खरं सांगायचं नाही. आणि मी तुम्हाला उंदरांवरून टोचून बोलले, भित्रा म्हटलं, आणि प्रत्येक पत्रात कडी, कडी, कडी. ते सगळं माझ्या लेकीने डब्यातून काढून वाचलं. तुम्ही का नाही लिहिलंत हो मला? एक ओळ लिहायची होती. पण कशी लिहिणार, मी असते तरी लिहिली नसती.

तुम्ही आजारी बायकोला टाकून गेलात, ते मी विसरलेले नाही. त्याचं आपण समोरासमोर बघू. पण कडी तुमची नव्हती, आणि मी शपथेवर सांगितलं की तुमची होती.

शैलजाबाईंकडे जाऊन कागद बदलता येईल. मी दोन दिवस हाच विचार केला. बदलायचा तर खरं लिहावं लागेल, आणि खरं लिहायचं तर अकरा वर्षांच्या पोरीचं नाव स्टँपपेपरवर घालावं लागेल. न बदलता तुम्ही हरकत घेतलीत तर चौकशी, आणि चौकशीत साहेब तिला खुर्चीवर बसवून विचारणार, बोल बेटा, कोणी लावली? ती खरं सांगणार. तिला खोटं बोलता येत नाही, पाहिलंत ना.

तेव्हा आता मी सांगते तसं करा. मी तुमच्याकडे तीन महिने सही मागते आहे, ही शेवटची.

बँकेचं पत्र येईल. त्यात रकाना असेल, अर्जदाराचं म्हणणं मान्य आहे का. तिथे लिहा, "मान्य आहे. कडी मी लावली." लोक काही म्हणतील, सरलाबाई म्हणतील, गाव म्हणेल. म्हणू द्या. खानावळ माझ्या नावावर होईल, जप्ती टळेल. पण मी त्यासाठी मागत नाही, हे तुम्हाला कळतंय ना?

सही करण्याआधी पोरीला जवळ घ्या. तिला सांगा, तुझ्याकडून कडी बसलीच नव्हती. ती जड आहे, दार उचलून धरल्याशिवाय बसत नाही, तुझा हात तेवढा पोचत नाही. मी ट्रकमधून परत गेलो होतो, आठवतं? तेव्हा ती नुसती लोंबत होती. मीच बसवली. ती म्हणेल, तुम्ही परत गेलाच नव्हता. तिला म्हणा, गेलो होतो, तू गोधडीत तोंड खुपसून रडत होतीस. ती विचारेल, मग मी सांगितलं तेव्हा बोलला का नाहीत? सांगा, मला भीती वाटली. एवढं तरी खरंच आहे.

आधी ती विश्वास ठेवणार नाही. मग तिला कागद दाखवा, बँकेचा, शिक्क्याचा, त्यावर आईची शपथ आहे आणि बाबांची सही आहे. शाळेत जाणाऱ्या पोरींचा छापील कागदावर फार विश्वास असतो. ठेवेल. मग ती तुमच्याकडे वाईट नजरेने बघेल. दोन वर्षं बघेल, कदाचित जन्मभर बघेल. बघू द्या.

मी तिला वेगळं पत्र लिहिलं आहे, त्यात फक्त एवढंच आहे की घर तिचं आहे आणि कंपास जागच्या जागी आहे. कडीचं एक अक्षर नाही.

शपथेवरचं खोटं मी बोलून बसले आहे. ते आता खरं ठेवायला मी एकटी पुरी पडणार नाही, तुम्ही लागाल. सही पूर्ण नावाची करा, आणि शाईने.

तुमची
भागीरथी